गोळ्या चालू असताना

मे महिन्यात लालबागच्या आमच्या घरात बाळंतीण असणं म्हणजे शिंकत, खोकत बाळाला पाजणं. आईचा वर्षाचा मसाला याच दिवसांत होतो. गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, दुपारभर बसून त्यांचे देठ खुडायचे, मग डंकावर कुटायला न्यायच्या. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले म्हणजे यंदा मसाला थोडा पुढे ढकलला जाईल, अशी माझी भाबडी समजूत होती. मसाला कोणासाठी थांबत नाही.

मुलगी महिन्याची असेल. एका दुपारी माझ्या उजव्या छातीत गाठ लागली, दगडासारखी. "दूध साकळलंय," म्हणत आई देठांच्या ढिगातून उठली, हात धुतले आणि खोबरेल तेल घेऊन गाठ रगडायला बसली. मिरचीचं तिखट साबणाला दाद देत नाही, हे जन्मभर मिरच्या हाताळलेल्या बाईला कळायला हवं होतं. मी अशी कळवळले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मग आईने तूप लावलं, दही थापलं आणि स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या. छाती लालभडक झाली होती. ती मिरचीनेच, यावर आम्हा दोघींचं एकमत झालं. संध्याकाळी हुडहुडी भरून दातावर दात वाजायला लागले, तेव्हा एकमत मोडलं. मिरचीने थंडी वाजत नाही.

परळच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. स्तनाला सूज आलीये म्हणाल्या. रगडायचं अजिबात नाही, थंड पट्ट्या ठेवायच्या, तापाची गोळी घ्यायची, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं. उद्यापर्यंत ताप उतरला नाही, तर लिहून दिलेली अँटिबायोटिक सुरू करायची. गोळ्या येतानाच घेतल्या आणि बाळाच्या पावडरच्या डब्याशेजारी ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. सकाळी आईने मिरच्या डंकावर पोचवल्या, घर झाडून घेतलं, आणि मी त्या पाकिटाकडे बघत पडून राहिले. बघण्यापलीकडे अंगात काही उरलंच नव्हतं. गोळी घेतली तर ती दुधातून मुलीच्या पोटात जाणार, केवढंसं ते पोट. नाही घेतली तर गाठीत पू धरणार, मग चिरावं लागणार. मोबाइलवर एक बाई म्हणत होती ताबडतोब घ्या, दुसरी म्हणत होती कोबीची पानं लावा. तीही लावून झाली. कोबीचा वास येत असलेली मी आणि भुकेने किंचाळणारी मुलगी, अशा आम्ही दोघी पंख्याखाली पडलो होतो. आई होऊन मी कंटाळले होते, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

शेवटी पाकिटाला हात घातला, तर आई म्हणाली, "नको घेऊ त्या गोळ्या. पोरीचं अंगावरचं तुटेल."

माझं डोकं फिरलं. "तुझ्या मिरच्यांनी जे केलं ते पुरे झालं," मी म्हटलं. "आता डॉक्टरकी पण तूच कर."

आईने मुलीला उचलून खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "तू झालीस तेव्हा मला पण हेच झालं होतं. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, गोळ्या चालू आहेत तोवर पाजायचं नाय. तू बाटलीला लागलीस. गोळ्या संपल्या तेव्हा दूध पण संपलं होतं. मग तू अंगावर आलीच नाय."

डब्याच्या दुधावर वाढले म्हणून घरात मला अजून 'डब्याची पोर' म्हणतात. सगळे हसतात, मीही हसते. आई त्यात कधी हसली नाही, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आईला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला. विचारलं, गोळ्या चालू असताना पाजलं तर चालेल का?

"चालेल का म्हणजे? पाजायचंच," त्या म्हणाल्या. "मी दिलेली गोळी पाजणाऱ्या आईला चालते. बाळाला जरा पातळ शी होईल कदाचित, जास्त झाली तर कळवा. पण पाजणं बंद करू नका. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका."

आई फोनवर वाकली. कळवळली की ती मालवणीत जाते. "मगे माका कित्याक बंद करूक सांगल्यानी?"

"कोण बोलतंय?"

"माझी आई," मी म्हटलं. "तिला तेव्हा पाजू नको म्हणून सांगितलं होतं."

"तेव्हा बरेचदा तसंच सांगायचे हो, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी गोळी घेतली. पाणी आईनेच आणून दिलं. मग ती मोरीत गेली, बेसन चोळून हात धुतले, एकेक बोट जिभेला लावून पाहिलं, परत धुतले. बाहेर येऊन तिने मुलीला माझ्या उजव्या बाजूला लावलं. मुलीने ओढलं तशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ती पीत राहिली. आई तिच्या हलणाऱ्या गालाकडे बघत होती आणि पदराने डोळे पुसत होती. घरात तेव्हा एकही मिरची नव्हती.