आबांच्या फोनपुरतं एक पान

मी कमी बोलतो. लोक त्याला सौजन्य समजतात. खरं म्हणजे समोरच्याला नको असलेली गोष्ट सांगायची वेळ आली की माझी जीभ जड होते, आणि ती न सांगता मी दुसराच काहीतरी उद्योग करून ठेवतो. हे लिहितोय ते अशाच एका उद्योगाबद्दल. पण आधी माझ्या कामाबद्दल. त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो लपवत बसायचं वय आता राहिलं नाही.

सुरतेत मी धंद्यांच्या वेबसाइट बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक कापडवाले. इथला शेठ आपली साइट पाहतो ती एसी केबिनमध्ये, मोठ्या मॉनिटरवर. खुश होतो, पास करतो. आणि त्याच्याकडून माल घेणारी बाई? ती शिरपूरच्या नाहीतर साक्रीच्या एसटीत उभी असते. एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, सगळा कारभार एका अंगठ्यावर. केबिनमध्ये झकास दिसलेली साइट तिच्या फोनवर उघडली की आधी मार्केटची इमारत येते, मग गणपती, मग गोल गोल फिरणारं 'सुस्वागतम', आणि साडी दिसायच्या आत रेंज जाते.

म्हणून मी शेठ लोकांना मॉनिटर दाखवतच नाही. माझ्या खिशात काच तडकलेला एक स्वस्तातला फोन असतो. तो त्यांच्या हातात देतो, जिन्याने त्यांना मार्केटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेतो आणि म्हणतो, इथे उघडा.

"अरे भाई, यहाँ तो भूत को भी नेटवर्क नहीं मिलता!" एक शेठ कावला होता.

"शेठ, आपका ग्राहक यहीं खड़ा है," मी म्हणालो. एरवी तोंड न उघडणाऱ्या मला एवढं वाक्य मात्र तीन भाषांत येतं.

आधी छोटा पडदा, मग मोठा. छोट्या पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट मावते, त्यामुळे पहिली कोणती हे ठरवावं लागतं. मी आधी साडीचा पदर ठेवतो, मग काठ जवळून, मग भाव. आणि अगदी खाली, अंगठा टेकतो तिथे, फोन लावायचं बटण. ही माझी पद्धत. मार्केटमध्ये आता तिची नक्कल होते, आणि ते पाहून मला बरं वाटतं.

आबांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ही पद्धत पक्की झालेली होती. आबा म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळचे. दोघंही खानदेशातून आलेले, सुरतेच्या उधन्यात एकाच खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लूमवर उभे राहिलेले. वडील शेवटपर्यंत लूमवरच राहिले. आबा मात्र बाहेर पडले आणि मार्केटमध्ये साड्यांच्या ठोक मालाचं दुकान घालून गादीवर बसले. आमच्या सोसायटीत त्या गादीचं केवढं कौतुक! शेठची गादी, आणि वर आपला अहिराणी बोलणारा माणूस.

पण आबांना अर्धांगाचा झटका आला आणि डाव्या पायातलं बळ गेलं. मार्केटचे जिने बंद झाले. दुकान मुलगा बघू लागला. आबा दिवसभर घरात चाकांच्या खुर्चीवर. मुलाने साइट करायची ठरवल्यावर मी घरी गेलो, तेव्हा त्यांनी एक जुना फोटो पुढे केला. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले आबा, मागे साड्यांची थप्पी.

"पहिले मना फोटो. मंग साड्या," ते म्हणाले. "माले तथा दुकानमा जाता येत नही. फोटो तं जाई."

मी मान हलवली. आबांचं बोलणं मला पुरतं कळलं होतं. दुकानात आता त्यांची तेवढीच जागा उरली होती.

मी फोटो सगळ्यात वर ठेवला. गिऱ्हाइकांना दाखवायच्या आधी एकदा दुकानात बसून बघावं म्हणून दोंडाईच्याहून आलेल्या एका बाईंच्या हातात माझा तडकलेला फोन दिला. त्या घरूनच साड्या विकतात. त्यांनी साइट उघडली. पडदाभर आबा. बाईंचा अंगठा थांबला, चेहरा पडला.

"अगं बाई, कधी गेले हो?"

"अहो, घरी आहेत," आबांचा मुलगा घाईघाईने म्हणाला. त्याने हौसेने तेच पान दोन व्यापाऱ्यांना पाठवलं होतं. दोघांची उत्तरं आली, हात जोडलेली चित्रं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोनवर म्हाताऱ्या माणसाचा एवढा मोठा फोटो आपल्याकडे एकाच कारणासाठी येतो. माझ्या इतक्या वर्षांच्या अभ्यासात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"फोटो काढ," मुलगा म्हणाला. "पण आबांना तूच सांग. मला नाही जमायचं."

"सांगतो," म्हणालो. दोन दिवसांनी त्याने विचारलं तेव्हा "सांगितलं, मानले ते," असंही म्हणालो.

सांगितलं काहीच नव्हतं. झटक्यातून उठलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुमचा फोटो पाहून लोक सुतकात जातात? मी त्यांच्या फोनवर दुकानाचं एक चिन्ह ठेवून दिलं. त्याच्यावर बोट ठेवलं की साइटचं एक वेगळं पान उघडायचं, वर आबांचा फोटो आणि खाली रोजच्या ताज्या साड्या. बाकी सगळ्या जगाला पदर, काठ, भाव. ते पान फक्त आबांच्या फोनपुरतं होतं. खोटं काम, पण केलं मात्र निगुतीने. फोटो उजळून घेतला, चटकन उघडेल असा हलका केला.

खरी साइट चालली. तळघरातही उघडायची. खानदेशातल्या ज्या बायका कधी सुरतेला आल्या नव्हत्या, त्या माल मागवू लागल्या. मार्केटमध्ये मी जरा ताठ चालायला लागलो. आणि दर थोड्या दिवसांनी आबांचा फोन यायचा, "ब्येस करं रे भाऊ. सकाय-सकाय गादीवर बठानं समाधान भेटस." मी "हो आबा" म्हणून फोन ठेवायचो. त्या दिवशी मग जेवणात लक्ष नसायचं.

असे काही महिने गेले. मग त्यांच्या नातीचा साखरपुडा उधन्याच्या एका हॉलमध्ये झाला. मी ताट घेऊन कोपऱ्यात उभा होतो. आबा खुर्चीवर, भोवती पाहुणे. आबा एकाला म्हणाले, "आपलं दुकान उघाड ना तुना फोनमा."

त्याने उघडलं. "वा, भारी पदर शे. पन तुमना फोटो कथा शे?"

"वरच शे. दख नीट."

"नही आबा."

"तुना फोन खराब शे." दुसऱ्याचा घेतला. "याना बी खराब शे."

एक वहिनी हसत म्हणाल्या, "सगळास्ना फोन खराब आनि आबास्ना एकलाच चांगला?" सगळे हसले. आबाही हसले आणि त्यांनी मला हाक मारली. "ये रे इकडे. ह्या लोकेस्ना फोन नीट करी दे." मग पाहुण्यांना सांगितलं, "हाऊ आपला पोऱ्या शे. याना काममा चूक व्हत नही."

माझ्यासमोर फोनच फोन. 'हॉलमध्ये नेट स्लो आहे' हे वाक्य अगदी ओठावर होतं. ते आपल्या देशात सगळ्यांना पटतं. पण चारचौघांत आबांनी माझी हमी घेतली होती. ताट खाली ठेवलं.

"आबा, यांचे फोन ठीक आहेत," मी म्हणालो. "खराबी तुमच्या फोनमध्ये आहे. ती मी केलीय."

त्यांची खुर्ची मी बाहेर व्हरांड्यात नेली आणि सगळं सांगितलं. बाईंचा पडलेला चेहरा, श्रद्धांजली, वेगळं पान, मुलाशी बोललेलं खोटंसुद्धा. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"लोकेस्ले वाटनं मी मरी गऊ?"

"हो आबा."

"आनि तू माले रोज खोटं दुकान दखाडत राह्यना."

"हो."

त्यांनी रस्त्याकडे मान वळवली आणि म्हणाले, "तुना बाप ऱ्हाता, तं त्याले बी असंच करता का?"

"त्यांचा गादीवरचा फोटोच नव्हता, आबा."

त्यांनी हातानेच आत न्यायला सांगितलं.

नंतर बरेच दिवस त्यांचा फोन नाही. मुलगा भेटला तो चिडूनच. "मानले म्हणालास ना रे? गप्प माणूस, गप्प माणूस म्हणता म्हणता तू भारीच निघालास." ऐकून घेतलं. मग एका दुपारी त्याचाच निरोप, आबांनी बोलावलंय.

मी बसायच्या आत आबांनी फोन पुढे केला. "ते पान काढ." मी काढलं. "आते लोकेस्ले दखास ते दखाड."

खरी साइट त्यांनी तेव्हा प्रथम पाहिली. अंगठ्याने हळूहळू खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही नाही. मग खालचं बटण दाबलं. दुकानाच्या फोनची रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, बंद झाली.

"ह्या फोन कोन उचलस?"

"तुमचा मुलगा उचलतो."

"उचलस?"

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "गर्दीत नाही जमत त्याला. बरेच सुटतात."

"मंग माले लाव. मी घरमाच बठेल शे. पाय गया, जीभ नही गई." आणि पहिल्यांदा ओठाच्या कोपऱ्यात हसले. "मी बोलनू का मंग कोनी हात जोडाव नही."

ते बटण मी तिथल्या तिथे त्यांच्या फोनला जोडलं. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. पण इतक्या वर्षांत बनवलेल्या साइटांपैकी कोणती दाखवू असं कुणी विचारलं, तर मी हीच उघडून देतो आणि सांगतो, खालचं बटण दाबा. मुलगा कुरकुरतो. आबा प्रत्येकीचं गाव विचारतात, माहेर विचारतात, ऑर्डर राहते बाजूला. पण त्या बायका पुन्हा फोन करतात, तेव्हा आबाच हवे म्हणून करतात.

आल्यागेल्याला आबा माझी ओळख करून देतात ती अशी, "यानी माले फसाडं व्हतं." लोक हसतात, मीही हसतो. ते बोचतं. तरी पूर्वीच्या "ब्येस करं"पेक्षा मला हे सोसतं.

परवा त्यांच्याकडे बसलो होतो तेव्हा फोन वाजला. त्यांनी मला हातानेच गप्प केलं, मी काही बोलत नसताना.

"बोल माय, कोनतं गाव?... हा, नंदुरबार. सांग." पलीकडून त्या बाईंनी कोण बोलतंय ते विचारलं असावं. आबा खुर्चीत जरा सरळ झाले. "मालक बोली राह्यनू."

मग बराच वेळ ऐकत राहिले आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "ती म्हणस, साडी हातमा गर्द हिरवी आनि फोटोमा पोपटी दखास. असं कसं करं तू?"

मी फोन काढला आणि तिथेच बसून रंग नीट करायला घेतला.