धाकटीचं नाव बोर्डावर

पनवेलच्या खाडीवर मासळीचा लिलाव होतो, तिथे छपराला एक बोर्ड टांगलाय. धक्क्याला लागलेल्या बोटीचं नाव आणि मासळीचं वजन त्यावर झळकतं. त्याचा सी भाषेतला प्रोग्राम आमच्या ऑफिसातल्या ज्या पठ्ठ्याने लिहिला, तो नोकरी सोडून गेला आणि निस्तरायला उरले मी. सुटला मेला!

बोर्ड अधूनमधून बंद पडायचा, तोही नेमका एकाच बाईच्या बोटीच्या वेळी. नवरा गेल्यावर तिने बोट विकली नव्हती, खलाशी ठेवून चालवत होती. मग काय, लोकांच्या जिभेला हाड नसतं. "हिचाच पायगुण," म्हणत तिला लिलावात शेवटी उभं करायला लागले. तोवर बर्फ वितळायचा, गिऱ्हाईक पांगायचं. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

धक्क्यावर बोर्ड बघायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाय, खरंच माजंच काय हाय का?"

"तुमचं काही नाही, मावशी. मशीनचं आहे." म्हटलं खरं, पण पुरावा कुठे होता?

ऑफिसात खोटी नावं टाकून बघितली. सगळं सुरळीत. शेवटी चिडून तिच्याच बोटीचं नाव टाकलं, आणि प्रोग्राम धाडकन कोसळला!

इथे बोटीला देवीचं आणि एखाद्या लेकराचं नाव देतात. हिच्या नवऱ्याने आई-बापाचंही घातलेलं, आणि लेकी झाल्या तशी त्यांची पुढे रंगवत नेलेली. पठ्ठ्याने नावासाठी जागा ठेवली होती इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने. मराठी अक्षर त्याहून कितीतरी जास्त जागा खातं. हातातलं काम संपल्यावर पुढे कुठल्या कामाकडे जायचं, तो पत्ता प्रोग्राम त्या जागेच्या शेजारीच ठेवतो. धाकटीच्या नावाची अक्षरं सांडून नेमकी त्यावर पडत होती, पत्ता पुसला की प्रोग्राम भरकटून बंद. एवढंच! आणि त्यापायी बिचारीला अपशकुनी ठरवलं.

धक्क्यावर जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं. लिलाव पुकारणारा म्हणाला, "मंग धाकटीचं नाव काढा, झालं!"

ती खाली बघत म्हणाली, "काढा. पन मला पुढं उबं राऊ द्या."

"कुणाचं काही काढायचं नाही!" मी ओरडलेच.

जागा वाढवली, नवा प्रोग्राम चढवला. तिची बोट लागली. नाव बोर्डावरून सरकू लागलं. तिला वाचता येत नाही. तिने माझा दंड घट्ट धरला.

"धाकटीचं आलं?"

"आलं, मावशी."

तिने टोपली उचलली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.