सोमा कुठला?

२०१४ साली माझी शेवटची पोस्टिंग पूर्व सीमेवर होती. तारेच्या कुंपणापलीकडे, पण आपल्याच हद्दीत, गावकऱ्यांची शेतं होती. त्यांच्यासाठी गेट सकाळी सातला उघडायचं, संध्याकाळी पाचला बंद. ओळखपत्र बघायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची, सोडायचं. मी हेड कॉन्स्टेबल. मला चोख काम आवडतं.

एकदा पावणेपाचला शेतकऱ्यांबरोबर एक माणूस आत यायला लागला. हातात विळा, ओळखपत्र नाही. जन्म पलीकडच्या देशातला. बायको इकडची, चार वर्षं सासऱ्याकडे राहतो, सकाळच्या पाळीने तसंच सोडलं होतं, म्हणाला. मी वायरलेस केला.

"एक पुरुष, यादीत नाही. ओव्हर."

"यादीत नाही तर परत. आउट."

परत पाठवला. माझा जोडीदार शिवराम म्हणाला, "त्याची चूल तर इकडेच आहे."

"आपलं काम गेटचं," मी म्हणालो. पुढच्या पावसाळ्यात गस्तीची बोट उलटून शिवराम गेला. त्याच वर्षी मी रिटायर होऊन तलासरीजवळ आमच्या पाड्यावर आलो.

शेजारी जमनीचं घर. तिचा नवरा सोमा जन्माने डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याकडचा, पण आमच्याकडे घरजावई. आमच्यात तो कमीपणा नाही. सासऱ्याची शेती करायची आणि तिथलंच व्हायचं. भात लावून झालं की तो गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. २०१७ साली त्याची बोट माशांमागे जाता जाता समुद्रातली हद्द ओलांडून गेली. पलीकडच्यांनी सगळ्यांना पकडून तुरुंगात टाकलं. हा आमचाच नागरिक, असं इथून लिहून गेल्याशिवाय सुटका नव्हती. गाव विचारल्यावर सोमाने आमचा पाडा सांगितला.

चौकशीला पोलीस आला. फौजी म्हणून आधी माझ्याकडेच.

"सोमा तुमच्या पाड्यावरचा का?"

"नाही साहेब. बाहेरचा आहे. बायकोकडे राहतो."

त्याने लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. विचारलं तेवढंच सांगायचं, ही माझी सवय. कागद गेला: सदर इसम या गावचा नाही.

तीन महिन्यांनी जमनीला ते कळलं. ती अंगणात येऊन उभी राहिली. "काका, नव वरसां तो इथंच राबला. मंग तो कोनाचा?"

मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने डहाणू गाठलं. त्याच्या शाळेचा दाखला, आईचं रेशनकार्ड, दोन्हीकडच्या लोकांचे अंगठे गोळा केले. दुसरा कागद जायला पाच महिने लागले. सुटणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. पण त्याच्या अकरा दिवस आधीच तो तिथल्या तुरुंगात तापाने गेला होता.

२०१९च्या उन्हाळ्यात चारोटीच्या नाक्यावर त्याचं शव घेऊन ॲम्ब्युलन्स आली. मी वाट दाखवायला उभा होतो. बरोबरच्या कारकुनाने फॉर्म काढला.

"मयताचं गाव? तुमचंच ना?"

"हो. आमचाच तो."

हे एक वाक्य वेळेवर बोललो असतो तर तो चालत घरी आला असता.

पंधरा ऑगस्टला शाळेत मला बोलायला लावतात. मी शिवरामचं नाव घेतो, मग सोमाचं. गेटवरच्या त्या माणसाचंही घेतलं असतं. पण रजिस्टरमध्ये मी लिहिलं होतं: एक पुरुष, परत पाठवला. नाव मी विचारलंच नव्हतं.