आत्याबाईंची भजनं कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. जीव वाचला म्हणून घरात सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मला मात्र आतून राग होता. धारूरला आमच्या गल्लीतल्या महादेवापुढं जिनं जन्मभर सोमवारचं भजन म्हटलं, तिचाच गळा देवाला सापडावा? हे मी कुणापाशी बोलले नाही. रोज दिवा लावायची, हात जोडायची; पण मन काही जोडलं जात नव्हतं.

आत्याबाई आता कुजबुजल्यासारखं बोलत. त्यांनी देवळात जाणं सोडलं. भजनं त्यांनी स्वतःच रचलेली, चालीही त्यांच्याच. बाकीच्या बायकांना मागून म्हणायची सवय. पुढं होऊन सूर धरायला कुणी धजेना. भजनच बंद पडलं. श्रावण तोंडावर आलेला, आणि आत्याबाई खिडकीपाशी गप्प बसून असायच्या. जेवणही सुटलं होतं.

मामंजींनी हयात असताना ही भजनं घरच्या टेपवर भरून ठेवली होती. त्या कॅसेट कपाटात सापडल्या तेव्हा मला हुरूप आला. आमचं भांड्यांचं दुकान. तिथं बिलांसाठी एक जुना कॉम्प्युटर आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून कळलं, की कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला फार काही लागत नाही. टेपच्या इयरफोनच्या छिद्रातून एक वायर कॉम्प्युटरच्या माइकच्या छिद्रात घालायची, आणि आवाज भरून घेणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर. पहिल्यांदा आवाज फाटून आला. टेपचा आवाज कमी केल्यावर तो सुधारला, आणि आत्याबाई खणखणीत गाऊ लागल्या. माझ्या अंगावर काटा आला. पण कडवं संपायच्या आतच सूर जड झाला, लांबला, आणि टेपनं कॅसेटची फीत आत ओढून घेतली.

फीत कशीबशी सोडवली, पेन्सिल घालून परत गुंडाळली. टेपमधला रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. असा पट्टा आता मिळतच नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून मी महादेवाच्या फोटोपुढं उभी राहिले. किती दिवसांनी खरं बोलले. म्हटलं, "भजनं तुझी हायती. माझ्यानं झालं तेवढं केलं. आता तू बघ."

डोळे पुसत वळले तर दारात एक अनोळखी बाई. नातवाच्या बारशाला वाटी-चमचा घ्यायला आलेली, माझ्याहून वयानं थोडी मोठी.

"कावून रडाया लागलीस बाई?" तिनं विचारलं.

कोण कुठली, पण मी सगळं सांगून टाकलं. तिनं निवांत ऐकलं.

"माझ्याकडं टेप हाय की," ती म्हणाली. "मालकांचा. ते गेले, पर मी आजून लावते. धूळ बसू देत न्हाई. उद्या आमच्या तेलगावच्या जीपवर धाडते. काम झालं की द्या माघारी."

"अहो, पण तुम्ही मला ओळखत पण न्हाई!"

"देवाच्या गाण्याला द्यायचं तर वळख कशाला?" असं म्हणून ती हसत निघाली.

खरं सांगते, मला भरवसा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी जीपवाल्यानं टॉवेलात गुंडाळलेला टेप गल्ल्यापाशी आणून ठेवला. वर एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

कॅसेट जेवढी वाजते तेवढाच वेळ भरायला लागतो. घाई करून चालत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी एकेक बाजू उतरवत बसे. मागची खरखर सॉफ्टवेअरनं काढून बघितली, तर आवाज पत्र्यासारखा वाजायला लागला. म्हणून राहू दिली.

सगळं झाल्यावर आत्याबाईंना दुकानात बसवून स्पीकर लावला. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मान हलवली आणि कुजबुजल्या, "लई घाई करती गं ही बाई!" आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. त्या दिवशी त्यांनी भाकर मागून घेतली.

जीपवाल्याकडून निरोप पाठवून टेप परत द्यायला आम्ही दोघी तेलगावला गेलो. त्या माउलीनं पुरणपोळी करून ठेवली होती.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी भजनं मोबाइलवर घेऊन देवळात गेलो. स्पीकरवर आत्याबाई गात होत्या, बायका मागून म्हणत होत्या. दुसऱ्या भजनाला आत्याबाईंनी मला खूण केली, "बंद कर ते." मी चपापले. एवढा जपून आणलेला आवाज! पण केला बंद. मग आत्याबाईंनी टाळ उचलले, ठेका धरला, माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या, आणि मी, जिनं कधी मोठ्यानं आरतीही म्हटली नव्हती, सूर धरला. बायकांनी तो उचलला. माझं चुकलं की त्या हातानं वर-खाली दाखवत.

घरी येताना विचारलं, "आत्याबाई, वाईट न्हाई वाटलं?"

"कशाचं? आवाज त्याचाच व्हता. माझ्याकडून घेतला, तुमाला सगळ्यींना वाटून दिला."

मी एक आवाज राखायला धडपडत होते. त्यानं देऊळभर आवाज दिले. आता मी हात जोडते तेव्हा काही मागायचं सुचत नाही. नुसतं हसू येतं.