जबाबातलं एक वाक्य माझं होतं

मंगलाबाईंच्या जबाबातलं शेवटून तिसरं वाक्य त्यांचं नव्हतं. ते माझं होतं. हे मी कितीतरी वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा अर्जात कारण लिहिलं, 'कौटुंबिक'. तेही खरं नव्हतं.

तेव्हा मी जळगावला फौजदार होतो, म्हणजे पीएसआय. एका चटई कारखान्यातल्या मशीन ऑपरेटरने घरी आत्महत्या केली होती. मंगलाबाई त्याची बायको. आदल्या दिवशी चटयांचा एक लॉट वाया गेला म्हणून सुपरवायझर चौधरीने त्याला सगळ्या शिफ्टसमोर झापलं होतं. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

सिव्हिल हॉस्पिटलसमोर भाऊबंद बसले. "आधी गुन्हा, मग बॉडी." आमच्याकडे असं नेहमी होतं. मयताच्या धाकट्या भावाने फिर्याद दिली. ठाण्याच्या प्रमुख साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तीनशे सहा लाव."

"साहेब, नुसतं रागावलाय तो."

"मग काय लोकांना इथेच जेवायला घालायचं? लाव."

तीनशे सहा म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं. आता नव्या संहितेत ते कलम एकशे आठ झालं आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण कोणी रागावलं आणि कोणी जीव दिला, एवढ्यावर हे कलम टिकत नाही. त्याने चिथावणी दिली, कट केला किंवा जाणूनबुजून मदत केली, हे दाखवावं लागतं. कामावरून बोलणं ही चिथावणी नव्हे. कोर्टं हे वारंवार सांगत आली आहेत, आणि हे मला त्या दिवशीही पाठ होतं.

चौथ्या दिवशी मंगलाबाईंच्या घरी जबाब घ्यायला गेलो. मी मूळचा धुळ्याचा, घरात अहिराणीच बोलतो. त्यामुळे बाई मोकळेपणाने बोलल्या.

"साहेब रागे भरले, पन कामना करता. मरानं कोनी बोलनं नही. ह्या चार महिनापाइन झोपेत नही व्हतात. मी म्हने, डॉक्टरकडे चला. आयकेत नही."

म्हणजे, साहेब रागावले ते कामापायी, मर असं कोणी म्हटलं नाही; नवराच चार महिन्यांपासून झोपत नव्हता आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नव्हता. मी मान हलवत राहिलो. टिपणं घेतली आणि ठाण्यात येऊन जबाब टाईप केला.

बहुतेक फौजदारांकडे नमुन्याची एक फाईल असते. जुन्या, चांगल्या झालेल्या चार्जशीटच्या झेरॉक्स. नवा गुन्हा आला की तसलाच जुना समोर ठेवायचा आणि नावं बदलायची. माझ्या फाईलमध्ये धुळ्याचा एक गुन्हा होता, सासू-सुनेचा. त्यात एक वाक्य होतं, 'तुझ्या जगण्याचा काय उपयोग, मरून तरी जा.' ते मी उचललं आणि चौधरीच्या तोंडी घातलं. मयताने घरी येऊन हे बायकोला सांगितलं, असं लिहिलं. झोपेचं आणि डॉक्टरचं गाळलं. पोलिसांनी घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. कायदाच तसा आहे, साक्षीदाराच्या भल्यासाठी केलेला. मला तो सोयीचा पडला.

चौधरीला मी गुन्हा दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अटक केली होती. तो दोन महिने आत राहिला. कारखान्याने त्याला काढून टाकलं. माझ्या चार्जशीटवर साहेब म्हणाले, "याला म्हणतात काम."

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. मंगलाबाईंची साक्ष माझ्या आधी होती. साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकता येत नाही, म्हणून मी बाहेर बाकावर होतो. आत काय झालं ते आमच्या पैरवी हवालदाराने, म्हणजे खटल्यांची कामं पाहणाऱ्या हवालदाराने, येऊन सांगितलं.

"साहेब, बाई उलटली. म्हणते, ते वाक्य मी सांगितलंच नाही."

सरकारी वकिलांनी त्यांना फितूर घोषित केलं. आपल्याच बाजूचा साक्षीदार जबाबापासून फिरला की त्याला फितूर म्हणतात. मग वकिलांनी विचारलं, पोलिसांनी खोटं लिहिलं असं म्हणायचंय का? बाई म्हणाल्या, "नही. मी रडी राहिंतू. साहेबनी काही चूक व्हई गई व्हई." म्हणजे, मी रडत होते, साहेबांची काही चूक झाली असेल.

नवरा गेलेली बाई. दीर मागे बसलेला. तरी ज्याच्यावर राग धरायचा त्या चौधरीवर तिने खोटं येऊ दिलं नाही. आणि मलाही निसटायला दार उघडं ठेवलं. मी फक्त म्हणायचं होतं, "हो, लिहिण्यात चूक झाली असेल."

पुढच्या तारखेला मी पिंजऱ्यात उभा राहिलो. प्रमोशनची यादी निघायची होती. साहेबांचा फोन येऊन गेला होता, "जे लिहिलंय तेच बोलायचं." सरकारी वकिलांनी विचारलं. मी शपथेवर सांगितलं, "साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिलं."

चौधरीचे वकील वयस्कर होते. सगळं कोर्ट त्यांना आबा म्हणायचं. ते सावकाश उठले.

"बाई कोणत्या भाषेत बोलल्या?"

"अहिराणी."

"तुम्हाला येते?"

"घरचीच आहे."

"छान. मग हे वाक्य बाईंनी अहिराणीत कसं सांगितलं, तेवढं म्हणून दाखवा."

घरची भाषा. पण ते वाक्य बाईंच्या आवाजात मी कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी म्हणालो, "आठवत नाही." आबा खाली बसले. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

चौधरी निर्दोष सुटला. निकालपत्रात बाईंची साक्ष विश्वासार्ह मानली होती. फितूर ठरवलेल्या साक्षीदाराचंही खरं वाटेल तेवढं कोर्ट घेऊ शकतं. माझ्याबद्दल एक कोरडी ओळ होती, तपास समाधानकारक नाही. तेवढ्यावर निभावलं.

महिन्याभराने मंगलाबाई मला एसटी स्टँडवर भेटल्या, अमळनेरच्या गाडीपाशी. मी मान फिरवणार, तोच त्यांनी हाक मारली.

"भाऊ, तुमनी नोकरीले काही व्हयनं नही ना?"

"नाही, अक्का."

"मंग बरं व्हयनं."

प्रमोशन मला मिळालं. ते घेताना आणि त्यानंतर रोज, या बाईचे उपकार आठवत राहिले. तिने चौधरीला दहा वर्षांपासून वाचवलं आणि मला एका निरपराध माणसाची दहा वर्षं अंगावर घेऊन जगण्यापासून वाचवलं. आबांचेही आभार. त्यांनी मला खोटारडा म्हटलं नाही, फक्त एक वाक्य म्हणायला सांगितलं.

नव्या फौजदारांना मी एवढंच सांगतो. नमुन्याची फाईल कलमं आणि मांडणीपुरती बघावी. माणसाच्या तोंडचं वाक्य त्यात शोधू नये.

चौधरी आता अमळनेरला पिठाची गिरणी चालवतो. त्याला मी पत्र लिहिलं, सगळं. दोन ओळींचं उत्तर आलं, "कळलं. आधी बाईंकडे जा."

मंगलाबाईंच्या दिराने त्या साक्षीनंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं. गावात म्हणतात, कारखान्याने फोडली. त्यांच्या गावी जाऊन, दिराला समोर बसवून, त्या फितूर नव्हत्या, खोटं मी बोललो, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.