राळ भरलेला कूलर

युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक म्हातारी गाडी आमच्या ह्यांनी हौसेने घेतली. पनवेलमध्ये ती जिथे उभी राही तिथे तेलाचं थारोळं साचे, आणि ते पुसायचं कोणी? मी! गळत होता तो ऑइल कूलर, म्हणजे इंजिनातलं तापलेलं तेल थंड करणारी पितळी जाळी.

"नवा कूलर मुंबईहून मागवू," मेकॅनिक म्हणाला. ह्यांना धीर कुठला! शिरढोणला बारशाला गाडीतूनच मिरवायचं होतं ना. त्यांनी मोरा बंदरावरच्या कोळी मित्राला बोलावलं. तो होडीच्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवायचा.

"वहिनी, मी दर्याला आत येऊ देत नाय, ह्या तेलाला काय बाहेर जाऊ देनार?" असं म्हणत त्याने कूलर खोलला, चिरेत राळ कोंबली आणि परत बसवला.

"इंजिन तापलं की राळ वितळेल," मी म्हणाले. दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शिरढोणच्या वेशीवर बॉनेटमधून धुराचे लोट निघाले आणि धूप जाळल्यासारखा घमघमाट सुटला. राळ वितळून इंजिनावर पडली होती. पारावरची माणसं लगबगीने उठली आणि हात जोडून उभी राहिली. ह्यांनीही उलट नमस्कार केला.

एका आजीने पदर सावरत मला विचारलं, "कुठल्या देवाची पालखी हाय गो?"

मी म्हणाले, "आमच्या ह्यांच्या अकलेची!"