पलंग सोडला

दुःख माणसाला अंतर्मुख करतं, असं थोर लोक लिहून गेले आहेत. मला त्यानं फक्त भिंतीकडे तोंड करून झोपवलं. तुळजापूरच्या शाळेतला मी तिशीचा मास्तर. तो सगळा पावसाळा रजेवर काढला आणि पलंगावर. झोप येत नव्हती, उठवतही नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी टॉनिक दिलं, मग घरच्यांना सरळ सांगितलं, "सोलापूरला न्या. तिथं विजेचे झटके देतात. गुण येतो." मला भीतीपेक्षा आशाच जास्त वाटली. माझे थोरले भाऊ देवीचे पुजारी. तेही तयार झाले.

तेवढ्यात देवी निजली. नवरात्राआधी मूर्ती पलंगावर निजवतात, आणि तेव्हापासून कोजागरीपर्यंत आमच्या घरात कुणी गादी-पलंगावर पाठ टेकत नाही. देवी पलंगावर गेली म्हणून मला खाली उतरवलं. फरशी टोचायची, म्हणून मी घोंगडीवर भिंतीला टेकून बसायचो.

शेजारच्या काकू डोकावल्या. "पलंग सोडला की ह्यांनी. उतार पडला म्हणायचा."

"आईची कृपा," भाऊ म्हणाले. "आता कशाला सोलापूर?"

दाराआडून माझी बायको म्हणाली, "दादा, त्यांनी सोडला न्हाय. तुम्ही काढून घेतला."

"घेतला तर घेतला. बसलाय का न्हाय?"

मी बसलो होतो, हे नाकारता येत नव्हतं. नाही म्हणायला शब्द जुळवेपर्यंत माणसं उठून गेलेली असत. नवरात्रात घरी उतरलेल्या यात्रेकरूंना भाऊ मला दाखवू लागले. "आमचा धाकटा. पावसाळाभर उठला नव्हता." एका म्हातारीनं माझ्यापुढं नारळ ठेवला. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला ते तेज वाटलं.

कोजागरी झाली, पलंग पुन्हा टाकले. मी चढलो तो दुसऱ्या दिवशी जेवायलाही उतरलो नाही. भाऊ उशाशी आले, पांघरूण ओढून बघितलं. मग दाराआडच्या माझ्या बायकोकडे बघत म्हणाले, "उद्याच्या पहिल्या गाडीनं निघू."

सोलापूरच्या डॉक्टरांनी मला तपासलं, उपाशीपोटी आल्याची खात्री केली आणि टेबलावर निजवलं. कंपाउंडरनं कपाळाला ओला पट्टा बांधला. भाऊंनी बाहेर हात जोडले. डॉक्टरांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग खिडकीतून समोरच्या दुकानदाराला काहीतरी विचारलं.

त्या दिवशी त्या पेठेत संध्याकाळपर्यंत वीज नव्हती.